अल्बिनी की व्हिग? वडगावच्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग

वडगावात यंत्रमागांच्या शेजारच्या खोलीत चार पोरं रोज संध्याकाळी ड्रम, बेस आणि दोन गिटारी घेऊन बसतात. त्यातला एक माझा भाचा. सहा गाणी बसलीत, वर्गणी काढून चाळीस हजार जमलेत, आणि आता वाद पेटलाय: चौघांनी एकत्र वाजवून रेकॉर्ड करायचं, की लॅपटॉपवर एकेक वाद्य वेगळं घेत थर चढवायचे? "मामा, तूच सांग की," म्हणून निवाडा माझ्याकडे आलाय.

त्यासाठी बँड रेकॉर्ड करणारी दोन अमेरिकन माणसं समोर ठेवतो: व्हिग थरांच्या बाजूचा, अल्बिनी एकत्र वाजवण्याच्या. दोघेही अंडरग्राउंड रॉकमधले, दोघेही आधी वादक. दोघांनीही निर्वाना या एकाच बँडचे अल्बम केले, तेही दोन वर्षांच्या अंतराने.

बुच व्हिग विस्कॉन्सिनचा, मूळचा ड्रमर. १९८३ मध्ये मित्राबरोबर मॅडिसनला स्मार्ट स्टुडिओज काढला आणि आसपासचे बँड रेकॉर्ड करत हात बसवला. निर्वानाचा १९९१ चा 'नेव्हरमाइंड' त्याने केला. एकदा गाऊन झालं की त्याच ओळीवर दुसरा आवाज चढव, असा त्याचा आग्रह. निर्वानाचा गायक कर्ट कोबेन तयार होईना, तेव्हा बीटल्सचा जॉन लेननही असंच करायचा, असं सांगून त्याने ते करून घेतलं. जानेवारी १९९२ मध्ये तो अल्बम अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेला.

स्टीव्ह अल्बिनी शिकला पत्रकारिता, वाजवली गिटार. त्याच्या बिग ब्लॅकमध्ये ड्रमरच्या जागी ड्रम मशीन होतं. पुढे शेलॅक हा बँड काढला, १९९७ मध्ये शिकागोत इलेक्ट्रिकल ऑडिओ हा स्टुडिओ उभा केला, आणि २०२४ च्या मे महिन्यात ६१ व्या वर्षी गेला. अल्बमवर आपलं नाव निर्माता म्हणून छापलेलं त्याला आवडायचं नाही. 'रेकॉर्ड केलं' एवढंच पुरे. बँड खोलीत जसा वाजतो तसा टेपवर उतरवायचा, माइक कुठे ठेवायचा यावर जीव ओतायचा आणि गाणं बँडचं बँडकडे राहू द्यायचं. १९९३ मध्ये निर्वानाचा 'इन युटेरो' त्याने मिनेसोटात जेमतेम दोन आठवड्यांत रेकॉर्ड केला. पैसे एकरकमी घेतले, एक लाख डॉलर. रॉयल्टी नाकारली; प्लंबरला देतात तशी कामाची मजुरी द्या, असं त्याने बँडला आधीच लिहून कळवलं होतं. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो.

अर्थात कंपनीला तो अल्बम फार खडबडीत वाटला, आणि त्यातल्या दोन गाण्यांचं मिक्सिंग दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतलं. एकत्र वाजवण्यात आणखी एक धोका असतो. गिटारीचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरतो, मग एकाची चूक एकट्याची राहत नाही.

थरांचा मार्ग मी स्वतः चाललोय. तरुणपणी आम्ही मोठ्या शहरातल्या एका स्टुडिओत तासाच्या भाड्यावर गेलो. दोन दिवस ड्रममध्ये गेले, तिसरा बेसमध्ये, आणि गिटारींची पाळी येईतो पैसे संपले. ती सीडी अजून कपाटात आहे: नुसते ड्रम आणि बेस. घरच्या लॅपटॉपवर तासाचं भाडं नाही, हे खरं. पण तिथे बहुतेक वेळा क्लिकला, म्हणजे कानात वाजणाऱ्या एकसारख्या टिकटिकीला, बांधून वाजवावं लागतं. आपल्या भजनी मंडळात अभंग सुरू होतो संथ आणि संपताना टाळ कुठल्या कुठे पोचलेले असतात. पखवाजवाला बुवांच्या चेहऱ्याकडे बघत लय वाढवतो. भाच्याच्या बँडची तीन गाणी अशीच चढत जातात. क्लिक लावला तर ती मरतील.

म्हणून माझं मत अल्बिनीच्या बाजूने. चौघांनी समोरासमोर बसावं, गिटारींचे अँप (आवाज मोठा करणारे खोके) शेजारच्या खोलीत गाद्यांच्या आड ठेवावेत, बेस माइकशिवाय थेट वायरने घ्यावा. गायन मात्र नंतर, आणि तिथे व्हिगचं ऐकून दुसरा आवाज खुशाल चढवावा. अट एकच: मोबाइल खोलीच्या मधोमध ठेवा आणि प्रत्येक गाणं लागोपाठ तीनदा न थांबता वाजवून दाखवा. जे जमणार नाही ते गाणं थरांनी करा. ड्रमरला सध्या एकटं वाजवायलाच सोपं जात असेल, तर सगळीच गाणी थरांनी करा.

रेकॉर्ड करणाऱ्याला दिवसाचा दर ठरवून द्या, कागदावर लिहून. टक्केवारी नको.

आणि जागा बदला. परवा मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं, तर झांजेच्या मागे मागांची खटखट स्पष्ट येत होती. वीज गेली की माग थांबतात, पण अँपही थांबतात. खानापूरकडे ओळखीचं एक जुनं कौलारू घर आहे. पाऊस कौलांवर वाजतो, म्हणून दिवाळीनंतर जा, सतरंज्या घेऊन जा. ड्रमची कातडी मात्र जायच्या थोडे दिवस आधी बदला, म्हणजे तोवर ती बसतील.