जीसीसी की क्लँग? चूक कधी कळते ते बघा

मे महिन्यात भाचा नांदेडहून परभणीला आला, तो लॅपटॉपवर जीसीसीचा सोर्स उतरवूनच. जीसीसी म्हणजे कंपायलर, लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा; क्लँग हा तसाच दुसरा. "मामा, कॉन्फिगर झालंय, आता निस्तं मेक द्यायचंय." मी म्हणलं, दे बाबा. (कॉन्फिगर म्हणजे लागणारं सगळं मशीनवर आहे का याची तपासणी, मेक म्हणजे प्रत्यक्ष बांधणी.) पाऊण तासाने स्क्रीनवर ओळ आली: 'कॅनॉट कम्प्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स'. "कॉन्फिगर तर मघाच झालं होतं की! मग हे आता कुठून आलं?"

जीसीसी की क्लँग, असं कुणी विचारलं की मला हाच प्रश्न आठवतो. मी दोन्ही घरच्या मशीनवर सोर्सपासून बिल्ड केलेत, आठ जीबी रॅम, चार कोअर. कंपायलर म्हणून कोणता सरस, यात मी पडत नाही. बिल्ड करताना कोण किती छळतो, एवढंच सांगतो.

जीसीसीचं वरचं कॉन्फिगर वरवरचंच तपासतं. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या गणिताच्या तीन लायब्ऱ्या आहेत का, ३२ बिटच्या लायब्ऱ्या आहेत का, असं. ३२ बिटवाल्या नसतील तर 'डिसेबल-मल्टिलिब' देऊन परत चालवा, हेही ते स्वतःच सांगतं. इथवर तक्रार नाही. पण आतल्या डिरेक्टऱ्यांची कॉन्फिगर मेक चालू असताना, आपापली पाळी आली की चालतात. लिबजीसीसी या जीसीसीच्या स्वतःच्या लायब्ररीची पाळी तर नवा कंपायलर तयार झाल्यावरच येते. पंगत बसल्यावर आचाऱ्याने येऊन मीठ आणायचं राहिलं म्हणावं, तसं.

शिवाय 'कॅनॉट कम्प्यूट'ची ती ओळ दिशाभूल करणारी. सफिक्सचं, म्हणजे फाइलच्या नावाच्या शेपटाचं, काही बिघडलेलं नसतं. भाच्याने जीएमपी वगैरे तिन्ही होम डिरेक्टरीत वेगळ्या बसवल्या होत्या आणि कॉन्फिगरला त्यांचा पत्ता दिला होता. तपासणी पास झाली, कंपायलरही बनला, पण तो चालवायची वेळ आली तेव्हा लोडरला (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ऱ्या शोधून देणाऱ्याला) एमपीसीची लिबएमपीसी ही फाइल सापडेना. बनलेला कंपायलर चालतच नाही म्हटल्यावर ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे कंपायलरचं आउटपुट, कुठून निघणार, आणि तिचा सफिक्स कोण बघणार? खरं कारण कॉन्फिग डॉट लॉग या तपासणीच्या नोंदीत होतं, पण वरच्या नाही. मशीनच्या नावाच्या डिरेक्टरीत, त्यातल्या लिबजीसीसीत जो वेगळा लॉग असतो, त्यात. भाचा तासभर वरचाच लॉग चाळत बसला होता. पहिल्या वेळी मीही तेच केलं होतं.

त्यात आमच्याकडची लाईट. लॅपटॉपची बॅटरी टिकते, डेस्कटॉपला इन्व्हर्टर किती वेळ पुरणार? उन्हाळ्यात डीपी जळाली तर दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघा. म्हणून चूक होणार असेल तर ती पहिल्या पाच मिनिटांत कळावी, असं मला वाटतं. पुण्यात बसून सर्व्हरवर बिल्ड करणाऱ्याला हे कदाचित फालतू वाटेल.

क्लँग ज्या एलएलव्हीएम प्रकल्पात येतो, त्याचं सीमेक (तिथलं कॉन्फिगर करणारं साधन) इथे बरं पडतं. बिल्ड टाइप (डीबग, रिलीज वगैरे) दिला नाही, लगेच अडवतं. एलएलव्हीएम १७ पासून सीमेक ३.२० लागतं, उबुंटू २०.०४ लिनक्सवर ३.१६ येतं, जुन्या लॅबच्या मशीनवर पहिल्याच मिनिटाला नकार. राग येतो, पण वेळ वाचतो. तक्रार काय आहे तेही वाचून कळतं.

एलएलव्हीएमचा बिल्ड अगदी साधा आहे असं मात्र म्हणणार नाही. सीमेकची कॅश जुनी उत्तरं धरून बसते. काहीतरी बदललं आणि फरकच पडला नाही, तर बिल्ड डिरेक्टरी उडवलेली बरी. रनटाइम्सही (प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या लायब्ऱ्या) मागितले तर त्यांचं कॉन्फिगर क्लँग बनल्यावरच चालतं, म्हणजे जीसीसीचंच दुखणं थोड्या प्रमाणात इथेही. आणि लिंकिंगला, म्हणजे बनलेले तुकडे जोडायला, रॅम अशी लागते की डीबग बिल्डमध्ये माझं मशीन दोनदा गुदमरलं, 'किल्ड' एवढंच लिहून लिंकर गेला. तेव्हापासून रिलीज बिल्ड, टार्गेट फक्त एक्स८६, आणि निन्जाला (हे मेकसारखंच काम करतं) एका वेळी एकच लिंक, हे ठरलेलं. डिस्कही जीसीसीपेक्षा जास्त खातो.

चार जीबीच्या मशीनवर मी जीसीसीच सुचवेन. फोरट्रान भाषा हवी असेल तरीही तेच. डीएसएसएटीसारखं पीकवाढीचं मॉडेल कंपाइल करणाऱ्याला जीसीसीचं जीफोरट्रान ओळखीचं असतं. त्याच कामाचं एलएलव्हीएमचं फ्लँग मी अजून वापरलेलं नाही. जीसीसीच घेणार असाल तर तिन्ही लायब्ऱ्या हाताने बसवायच्या भानगडीत पडू नका. सोर्समधल्या कॉन्ट्रिब डिरेक्टरीत डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स नावाची स्क्रिप्ट आहे, ती त्या सोर्सच्या डिरेक्टरीतच आणून ठेवते, मग लोडरचा प्रश्नच येत नाही. बिल्ड डिरेक्टरी सोर्सच्या बाहेर ठेवा. घाईत असाल तर 'डिसेबल-बूटस्ट्रॅप' द्या, नाहीतर तो स्वतःला तीनदा बनवत बसतो.

भाच्याचं काम अशाच रीतीने त्या रात्री साडेअकराला झालं. तो अजून जीसीसीचाच भक्त आहे. नवी आवृत्ती आली की फोन येतो, "मामा, मेक लावलंय, बसलोय बघत." माझं सीमेक तोवर काय नाही ते सांगून मोकळं झालेलं असतं, आणि मी चहाला गेलेला असतो.