भारत फायबर: वेग ठीक, मदार दुरुस्तीवर

बीएसएनएलची फायबर जोडणी चालू असते तेव्हा तक्रारीला जागा नसते. खरी परीक्षा ती बंद पडल्यावर. ओएनटीवर, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्यावर, एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकला, तर सिग्नल वाहून आणणारा प्रकाशच पोचत नाही: रस्त्याच्या खोदकामात केबल तुटलेली किंवा घरात तार काटकोनात दुमडलेली. पीओएनचा (एक्स्चेंजशी जोडणी झाल्याचा) हिरवा दिवा स्थिर, तरी इंटरनेट नसेल, तर पीपीपीओईचा (इंटरनेट लॉगिनचा) पासवर्ड आणि थकलेलं बिल बघा. दुरुस्तीला माणूस आलाच, तर मीटरवर तारेतून येणाऱ्या प्रकाशाची पॉवर मोजायला लावा. उणे 15 ते उणे 25 डीबीएम (हे तिचं एकक) चांगली, उणे 27 च्या खाली गेली की लाइन रडते. बहुतेकदा दोष मळलेल्या कनेक्टरचा. दुरुस्ती अनेक ठिकाणी स्थानिक भागीदाराकडे असते. जोडणीआधी शेजाऱ्यांकडे त्याचीच चौकशी करा.