मुनिया पाहायच्यात? बांधानं फिरावं की हौदाजवळ बसावं?

मुनिया, म्हणजे चिमणीहून लहान, दाणे टिपणारं पाखरू, ओळखता येते, दुर्बीण घरात आहे आणि रविवारची एकच सकाळ मोकळी आहे, असं धरून चालतो. आमच्या बीड जिल्ह्यातल्या गेवराईकडे मी दोन्ही करून पाहिलंय.

फिरण्यात मजा आहेच. पावसाळा सरताना बांधावरचं गवत बियांनी वाकतं आणि ठिपकेवाली मुनिया काडीला लोंबकळून बी टिपत असते. सुगरणीचा जुना खोपा दिसला तर थांबा; पांढऱ्या गळ्याची मुनिया त्यात बिऱ्हाड करते. पण मला वैताग आला तो एकाच गोष्टीचा. थवा दिसतो तो उडतानाच. पायाजवळून भुर्र, तीस पावलांवर पुन्हा गवतात गडप. आपण दबकत जावं, पुन्हा भुर्र. एका सकाळी एकच थवा ७ वेळा उठवला. दिसल्या त्या काळ्या शेपट्या. त्यात ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावरचा राखणदार गोफण घेऊन उभा. तो पाखरं हाकलतोय, आपण पाखरं बघायला आलोय! "काय हुडकायलाव ओ?" याचं उत्तर देईपर्यंत ऊन चढतं.

हौदाचं उलटं. दाणे खाणाऱ्या पाखराला उन्हाळ्यात पाण्यावाचून चालत नाही. जनावरांच्या हौदाखाली सांडलेल्या पाण्याचं डबकं, वीसेक पावलांवर सावली, ऊन आपल्या पाठीशी. आधी चिमण्या आणि होले. मग बाभळीच्या खालच्या फांदीवर पांढऱ्या गळ्याच्या पाच-सहा मुनिया अंगाला अंग चिकटवून बसतात. एक उतरते, मागोमाग सगळ्या. जाड करडी चोच, पंख हलला की कंबरेवरचा पांढरा पट्टा, सगळं निवांत दिसतं. म्हशी आल्या की खेळ खलास, एवढं सोसावं लागतं.

लाल मुनिया मात्र हौदावर मला अजून भेटली नाही. तिच्यासाठी नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या, काठचं पाणकणीस (पाण्यातलं उंच गवत) गाठावं लागतं. १९८६ पासूनचं हे पक्षी अभयारण्य. बहुतेक लोक तिथं रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जातात, गवताकडे कोणी बघत नाही. पावसाळ्यात जा, तेव्हा नर ठिपक्यांसकट लालभडक असतो. एरवी तोही मादीसारखा मातकट, चोच आणि कंबर तेवढी लाल. फिरणाऱ्यांना तिथंही मुनिया दिसत असतील. मी आपला पोत्याची घडी टाकून बसतो.