वागळे इस्टेटमधला ट्रायलोबाइटचा गाळा : ५ पैकी साडेचार स्टार

ट्रायलोबाइट, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री प्राण्याचं फॉसिल, घ्यायचाय पण खरा की बनवलेला ते कळत नाही म्हणून थांबलेल्या सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. लांब झालाय, पण पैसे टाकायच्या आधी वाचाच.

ठाण्यात वागळे इस्टेटला, रोड नंबर १६ वरून आत एका इंडस्ट्रियल बिल्डिंगमध्ये तळमजल्याला हा गाळा आहे. आठवडाभर तिथे प्लास्टिकच्या मोल्डचं पॉलिशिंग चालतं आणि रविवारी सकाळी मालक, म्हणजे काका, त्याच टेबलांवर ट्रायलोबाइट मांडून बसतात. बाहेर पाटी नाही. विकतात, कोणी आपला पीस आणला तर तपासून देतात, आणि ज्यांना दगडातून प्राणी स्वतः मोकळा करायला शिकायचंय त्यांना तासावर टेबल देतात. काकांनी नाव आणि नंबर टाकू नका असं स्पष्ट सांगितलंय त्यामुळे टाकत नाही, ठाण्यात दगड-खनिजं जमवणाऱ्या कोणालाही विचारा, पत्ता मिळेल.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते. ट्रायलोबाइट म्हणजे समुद्रातले संधिपाद प्राणी, खेकडे-कोळंबीच्या लांबच्या नात्यातले, साधारण ५२ कोटी वर्षांपूर्वी दिसायला लागले आणि २५ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन नावाच्या काळाच्या शेवटी जे महासंहाराचं प्रकरण झालं त्यात संपले. २०,००० च्या वर जाती नोंदल्या गेल्यात. आपल्याकडे येऊर घ्या, पारसिकचा डोंगर घ्या, सगळा लाव्हाचा काळा दगड, वय साडेसहा कोटींच्या आसपास, त्यामुळे इथे कितीही फिरलात तरी ट्रायलोबाइट सापडणार नाही. महाराष्ट्रातून झिओलाइट, म्हणजे लाव्हाच्या पोकळ्यांत बनलेले स्फटिक, मिळतात, जळगाव, नाशिक, पुण्याकडचे, ते जगात नावाजलेले आहेत, पण ट्रायलोबाइट हवा तर तो बाहेरून येणार. भारतात हिमाचलातल्या स्पितीत वगैरे आहेत पण तिथला माल काका ठेवत नाहीत, तो अभ्यास करणाऱ्यांसाठी राहू दे म्हणतात आणि मला ते शंभर टक्के पटतं. बाजारात जास्त करून मोरोक्कोचा माल असतो, थोडा अमेरिकेतल्या यूटाचा, क्वचित रशियातल्या सेंट पीटर्सबर्गकडचा. आणि माल चार हातांतून फिरून येतो तेव्हा कुठल्या हाताने त्यात काय भरलं हे विकणाऱ्यालाही कित्येकदा ठाऊक नसतं.

म्हणूनच या गाळ्याची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे काकांचं बिल. मी मोरोक्कोचा, अलनिफच्या बाजूचा डेव्होनियन काळातला (साधारण ४० कोटी वर्षांपूर्वीचा) एक फॅकॉपिड, म्हणजे मोठ्या जाळीदार डोळ्यांचा ट्रायलोबाइट, घेतला, त्याच्या बिलावर काकांच्या अक्षरात लिहिलंय : डोळे दोन्ही मूळ, उजव्या गालाचा कोपरा भरलेला, दोन भेगा चिकटवलेल्या, शेपटाकडचा खडक रंगवलेला नाही. शिवाय भरलेला कोपरा कुठून कुठपर्यंत ते दाखवणारा छोटासा पेन्सिलचा स्केच. असं लिहून देणारा विक्रेता मला आजवर दुसरा भेटला नाही, ऑनलाइन तर 'शंभर टक्के ओरिजिनल' एवढंच लिहिलेलं असतं आणि ते कोणत्या भागाबद्दल ते विचारलं की उत्तर बंद. मोरोक्कोच्या मालात थोडंफार रिस्टोरेशन असतंच हो, तो कडक चुनखडक हातोडीने फोडतात, तुटलेल्या बाजूला कवचाची काळी रेघ दिसली की दोन्ही तुकडे परत चिकटवतात आणि मग वरून कोरायला घेतात, त्यामुळे भेग तर येणारच. प्रश्न एवढाच की विकताना सांगता का. काका सांगतात, आणि किंमतही त्याप्रमाणे कमी लावतात.

नावाच्या बाबतीतही माणूस जपून आहे. माझ्या पीसवर फक्त 'फॅकॉपिड, बहुधा मोरोकॉप्स' लिहिलंय. मी म्हटलं काका सगळीकडे तर फॅकॉप्स म्हणून विकतात, तर ते म्हणाले, "विकू देत, पण मोरोक्कोचे बरेच फॅकॉप्स आता वेगवेगळ्या वंशात गेलेत, मोरोकॉप्स आहे, ऑस्टेरॉप्स आहे, अमेरिकेचा तो प्रसिद्ध फॅकॉप्स राना पण आता एल्ड्रेजिऑप्स झाला. नेमका थर आणि जागा माहीत नसताना मी जातीचं नाव छातीठोक लिहून देऊ का?" मग डोक्याच्या मधला फुगवटा, त्यावरचे दाणे, डोळ्यात भिंगांच्या किती ओळी आहेत, हे कसं बघायचं ते भिंगाखाली दाखवलं. अर्धा तास गेला असेल, त्याचे पैसे नाहीत.

आता खरं-खोटं तपासायचं. मी बसले होते तेव्हाच वाशीहून एक जोडपं आलं, जावयाने मोरोक्कोच्या टूरवरून आणलेला मोठा थोरला पॅराडॉक्साइड्स वंशाचा ट्रायलोबाइट घेऊन, परातीएवढी प्लेट, खालचा खडक पिवळसर आणि प्राणी चॉकलेटी. मावशींना तो हॉलमध्ये लावायचा होता आणि त्याआधी खात्री करायची होती. काकांनी आधी हात लावला नाही, त्यांच्याच हातात भिंग दिलं आणि म्हणाले, "ताई, छातीचे पट्टे मोजा, आधी डावीकडचे, मग उजवीकडचे." छाती म्हणजे डोकं आणि शेपूट यांच्यामधला भाग. डावीकडे एक पट्टा जास्त भरला. पॅराडॉक्साइड्समध्ये जातीप्रमाणे पट्ट्यांची संख्या बदलते पण एकाच प्राण्यात दोन्ही बाजूंना सारखीच असणार ना, इथे कोरणाऱ्याचा हिशोब चुकला होता. मग डोक्याच्या कडेला भिंग धरलं तर टाचणीच्या टोकाएवढे गोल गोल खड्डे, ते रेझिन ओतताना अडकलेले हवेचे बुडबुडे. नोटा तपासायची यूव्ही टॉर्च लावली तर खडक काळसर राहिला आणि प्राणी पूर्ण निळसर उजळला. शेवटी प्लेटच्या मागच्या बाजूला, जिथे काही बिघडणार नाही अशा जागी, ॲसिटोनमध्ये बुडवलेला इअरबड फिरवला तर तो चॉकलेटी झाला. मावशींचा चेहरा पडला. काका म्हणाले, "ताई, यात जावयांचा काही दोष नाही, तिथे रस्त्यावर हे डझनाने विकतात, मोठे पॅराडॉक्साइड्स तर सगळ्यात जास्त बनवतात कारण टुरिस्टला साइज आवडतो. हॉलमध्ये लावा, छान दिसेल, फक्त मागे कागद चिकटवा की ही प्रतिकृती आहे, म्हणजे पुढे कोणी फसणार नाही." तपासायचे १०० रुपये असतात, त्यांच्याकडून घेतलेच नाहीत. समोरच्याला न लाजवता खरं कसं सांगावं हे कळणारे लोक कमी असतात, म्हणून मुद्दाम एवढं सविस्तर लिहिलं.

त्या दिवशी जे शिकले ते इथे टाकते, कोणालाही उपयोगी पडेल. पट्टे मोजणं ही फुकटातली आणि खूप कामाची टेस्ट आहे : फॅकॉप्सच्या घराण्यात छातीचे पट्टे ११, यूटाच्या एलरेथिया किंगीत १३, असाफसच्या घराण्यात ८. याच्याशी जुळत नसेल तर प्रश्न विचारायला लागा. भेग असेल तर खूश व्हा, पण ती खडकातून थेट कवचातून आरपार जाऊन पलीकडे खडकात निघायला हवी, प्राण्याच्या कडेशी येऊन थांबली तर प्राणी वरून बसवलाय असं समजा. फॅकॉपिडचा डोळा दहापट भिंगाखाली बघा, प्रत्येक भिंग वेगळं उठून दिसतं, ती भिंगं कॅल्साइटची, म्हणजे चुनखडकातल्याच खनिजाची आहेत, साच्यातून काढलेल्या डोळ्यात ती एकमेकांत मिसळल्यासारखी, कडा बुळबुळीत झालेल्या. गालाचे बाजूचे तुकडे नसतील तर लगेच नाक मुरडू नका, कात टाकताना ते सुटायचे आणि आपल्याला मिळणारी बरीच फॉसिल टाकलेल्या कातीचीच असतात, उलट स्वस्त एलरेथियाला दोन्ही गाल एकदम टकाटक असतील तर तिथे टॉर्च मारून बघा. गरम सुई टोचून वास घ्यायची जी टेस्ट लोक सांगतात ती काका करू देत नाहीत, खऱ्या पीसला डाग पडतो, आणि बाकीच्या चार खुणांवरून समजत असेल तर हवी कशाला?

टेबल भाड्याबद्दल. तासाला ४०० रुपये, एअर स्क्राइब, मायक्रोस्कोप, गॉगल आणि कॉम्प्रेसरची हवा त्यात आली, मास्क आपला आणायचा, तोही एन-९५, कापडी चालत नाही, कारण दगडाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. एअर स्क्राइब म्हणजे पेनासारखं हत्यार, कॉम्प्रेसरच्या हवेवर आतली टंगस्टन कार्बाइडची सुई मिनिटाला हजारो ठोके मारते. मोल्डवाल्यांकडे कॉम्प्रेसर आधीपासून असतो त्यामुळे इथली हवा एकसारखी मिळते, प्रेशर खाली-वर होत नाही. सोसायटीत घरी कॉम्प्रेसर लावायचा विचार असेल तर सोडून द्या, आवाज इतका असतो की खालचे-वरचे दोन्हीकडचे लोक दारात येतील.

काका आधी नुसत्या खडकाच्या तुकड्यावर सराव करून घेतात. सुई दगडावर उभी धरायची नाही, तिरपी धरायची, दाबायचं नाही, हत्याराला त्याचं काम करू द्यायचं. मोरोक्कोच्या चांगल्या खडकात कवच आणि दगड यांच्यामध्ये एक कच्ची सीमा असते, तिथे पोचलात की उकडलेल्या अंड्याचं साल निघावं तसा दगडाचा पापुद्रा टपकन सुटतो आणि खाली काळं चकचकीत कवच दिसतं. पहिल्यांदा माझ्या पीसच्या शेपटाच्या भागावर असा पापुद्रा उडाला आणि आडवे वळ दिसले तेव्हा मी मायक्रोस्कोपवरून मान वर करून जोरात ओरडलेच, त्या कवचावर कोट्यवधी वर्षांत कोणाचीच नजर पडली नव्हती, माझी पहिली. काकांनी तिथेच थांबवलं, म्हणाले डोळ्याकडे आज जायचं नाही, हात दमलाय तुमचा. बरोबर होतं ते.

शेवटचा पातळ थर स्क्राइबने काढत नाहीत, तो पावडरीच्या फवाऱ्याने, म्हणजे एअर अब्रेसिव्हने काढतात, खायचा सोडा किंवा डोलोमाइटची पावडर. डोलोमाइट कॅल्साइटपेक्षा जरा कडक म्हणून घाई केली तर कवचाची नक्षी पण उडते, सोडा सौम्य पण वेळखाऊ. आणि इथेच ठाण्याचा पाऊस आडवा येतो. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की पावडर गोळा होऊन नोझल तुंबतं, लाइनला पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप लावलाय तरी पुरत नाही, म्हणून पावसाळ्यात ते मशीन बंदच असतं. तुमचा पीस जुलैत स्क्राइबपर्यंत आला तर ऑक्टोबरपर्यंत वाट बघावी लागते. अर्धा स्टार इथे कापलाय, कारण लाइनला हवा वाळवणारा ड्रायर टाकला तर हे सुटू शकेल आणि बुकिंग घेताना ही गोष्ट आधीच सांगायला हवी, माझ्या पुढे नंबर असलेल्या एका मुलाला तिथे गेल्यावर कळली.

चिकटवायला फेविक्विक आहे पण काकांचा भर पॅरलॉइड बी-७२ वर, म्युझियममध्ये वापरतात तेच, ॲसिटोनमध्ये विरघळवून लावायचं, आणि पुढे कधी चुकीचं चिकटलंय असं वाटलं तर ॲसिटोननेच परत सोडवता येतं. व्हिनेगर किंवा लिंबू लावून दगड विरघळवा असं जे व्हिडिओत दाखवतात ते चुनखडकातल्या ट्रायलोबाइटला चुकूनही करू नका, कवचही कॅल्साइटचं आणि खडकही कॅल्साइटचा, ॲसिड दोघांनाही खातं. गाळ्यात भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'ॲसिड आत आणू नये'.

बाकी बारीकसारीक. मायक्रोस्कोप एकच, त्यामुळे दोघं आले की थांबावं लागतं. स्टॉक कमी, त्रिशूळवाला वॉलिसेरॉप्स किंवा शिंगवाला डायक्रॅन्युरस बघायला जाल तर निराश व्हाल, काका म्हणतात की ते काटे खरे आहेत याची खात्री मला देता येत नाही तोवर विकत नाही. किमती ऑनलाइनपेक्षा थोड्या जास्तच, पण त्या बिलासाठी मी देईन. लहान मुलांना न्यायचं असेल तर यूटाचा एलरेथिया घ्या, शेल नावाच्या पापुद्र्यांच्या दगडातून तो बराच मोकळा निघतो, खाली कॅल्साइटचा जाड थर असतो म्हणून मजबूत, मुलांच्या हाताळणीत टिकतो, आणि इतका मुबलक मिळतो की त्याची नक्कल करायच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही.

जायला ठाणे स्टेशनवरून वागळेची शेअर रिक्षा किंवा टीएमटी, आम्ही ऐरोलीहून मुलुंड चेकनाक्यावरून जातो. पार्किंग रविवारी मिळतं. टेबल हवं असेल तर शनिवार संध्याकाळपर्यंत सांगा, नुसतं बघायला किंवा तपासायला जाणार असाल तर साडेदहा ते एक, आणि तपासायला नेणार असाल तर पीस आधी धुऊ-पुसू नका, आहे तसा न्या, मागचं जुनं लेबल असेल तर तेही न विसरता.