सूट देऊन लुटलं: अण्णांच्या मलमाचे 1,764 रुपये

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे बिल नाही. बिल का नाही, तेच सांगायचंय.

अण्णांना गाजरगवताची ॲलर्जी आहे. सेलूकडच्या आमच्या रानात बांधाबांधावर तेच माजलेलं असतं. मान, कानामागची जागा, कोपराची लवण लाल होऊन चिरते, रात्र रात्र झोप नाही. परभणीला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लिहिलेलं मलम दुसऱ्या कुठल्याच मेडिकलवर मिळेना. मिळायचं फक्त दवाखान्याला लागून असलेल्या दुकानात. हा प्रकार कसा चालतो ते तुम्हाला माहीतच आहे.

15 ग्रॅमची ट्यूब, छापील किंमत 245. "दादा, तुमच्यासाठी वीस टक्के कमी," म्हणत 196 ला दिली. तीन ट्यूबचे 588 रुपये. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल केलं की डिस्काउंट नाही बसत, वरून जीएसटी लागंल." एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. वर जीएसटी मागणारा सरळ खोटं बोलतोय, तिथूनच मागे फिरा.

माझ्या मनातून जात नाही ती पुढची गोष्ट. चिठ्ठीवर डॉक्टरांच्या अक्षरात "रात्री एकदा" लिहिलं होतं. काउंटरवरच्या पोरानं खोक्यावर निळ्या पेनानं तीन रेघा ओढल्या: सकाळ, दुपार, रात्र. चिठ्ठी माझ्या हातात, खोकं समोर. तिथंच त्याला अडवायला पाहिजे होतं! पण अण्णा बाकड्यावर मान खाजवत बसलेले, गाडीची वेळ झालेली, आणि औषध देणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर चिठ्ठी कोण ताडून बघतं? तुम्हीही बघितली नसती. त्या रेघांपायी ट्यूबा भराभर संपल्या आणि आम्ही परत त्याच दारात. एकूण 1,764 रुपये गेले. पैसे गेले ते गेले, पण हे मलम स्टेरॉइडचं, ते जास्त चोळलं की कातडी पातळ होते, आणि अण्णांच्या कोपराच्या लवणीत ती तशी झालीय. ते बघितलं की डोकं फिरतं.

ट्यूबवर बारीक अक्षरात घटक असतो, तो वाचा. आमच्यावर मोमेटासोन फ्युरोएट 0.1 टक्के होतं. हे दिवसातून एकदाच लावायचं औषध. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो, आणि तो दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतो. तोच घटक, तेवढीच टक्केवारी जनऔषधी केंद्रात मागितली. तिथं तीन ट्यूबचे जे झाले, त्यात इथली एकही आली नसती.

मग तक्रार करायला गेलो. साहेबांचा पहिला प्रश्न, "बिल?" नाही म्हटल्यावर, "एमआरपीपेक्षा जास्त घेतले का?" नाही. "मग गुन्हा काय झाला?" अहो, चिठ्ठीवरच्या औषधाचं बिल देणं दुकानदाराला बंधनकारक आहे, तेच त्यानं दिलं नाही, ही तक्रार नाही का? तर म्हणे लेखी द्या. लेखी दिलं तर पोच देणारा बाबू रजेवर. पुन्हा गेलो तर टेबल बदललेलं, नव्या साहेबांचा तोच प्रश्न. सरकार किंमत बांधून देतं ती ठरावीक औषधांची. बाकीच्यांवर कंपनी वाटेल तो आकडा छापते, फक्त वर्षाला दहा टक्क्यांच्या वर वाढवायचा नाही. म्हणजे आधीच फुगवून छापायचं आणि सूट दिली म्हणून मिरवायचं. हे त्या टेबलावर कुणाला ठाऊक नसेल असं नाही.

डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव मोठ्या, सुवाच्य अक्षरात लिहायला सांगा, 2016 पासून तसा नियम आहे. किंमत 'फार्मा सही दाम' ॲपवर बघा. आणि उरलेली ट्यूब नायट्यावर अजिबात लावू नका, तो दबतो आणि आतून पसरतो.

दवाखान्याच्या बाजूच्या अशा दुकानाचं बॅच नंबर असलेलं बिल कुणाकडे असेल, तर ते जपून ठेवा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. माझा अर्ज अजून त्याच टेबलावर पडून आहे, तुमच्या बिलाची झेरॉक्स जोडायला मी परत जाईन.