वी शॉप चॅनेल: नऊ महिने वापरल्यावर
(एडिसन, न्यू जर्सी, एप्रिल २००९)

गेल्या जुलैत वी, म्हणजे निन्टेन्डोचं गेम खेळायचं यंत्र, घरी आला (की आली? आमच्याकडे यावर अजून एकमत नाही), तेव्हा त्यातलं हे डाउनलोडचं दुकान मी एकाच गोष्टीसाठी उघडलं. कॉन्ट्रा, तो जुना गोळीबाराचा गेम! नाशिकला आम्ही चौघे वर्गणी काढून कॅसेट आणायचो, फुंकर मारून लावायचो, तोच. इथे मूळ कॉन्ट्रा नाहीच. त्याचा पुढचा भाग, सुपर सी, मिळाला. ५०० पॉइंट.

१०० पॉइंट म्हणजे १ डॉलर. हिशेब सोपा, पण डॉलरऐवजी पॉइंट दिसले की हात सैल सुटतो. सुपर निन्टेन्डो या जुन्या यंत्राचे गेम ८०० ला, त्यानंतरच्या निन्टेन्डो ६४ चे १००० ला. दर सोमवारी काहीतरी नवं येतं. घेण्याआधी खेळून बघायची सोय मात्र नाही.

डाउनलोड होताना मारिओ पडद्यावर धावत नाणी गोळा करतो. मुलीला गेमपेक्षा तोच आवडतो. वीचा रिमोट आडवा धरला की सुपर सी झकास चालतो, पण सुपर निन्टेन्डोच्या गेमना वेगळा मिळणारा क्लासिक कंट्रोलर किंवा गेमक्यूब या निन्टेन्डोच्या आधीच्या यंत्राचा कंट्रोलर लागतो. ती सूचना न वाचता मी सुपर मारिओ वर्ल्ड घेतला. चूक माझीच. आठवडाभर नुसता मेन्यूतला चौकोन बघत बसलो.

वीची स्वतःची मेमरी ५१२ एमबी. जुन्या गेमना ती पुरते, वीवेअर, म्हणजे खास वीसाठी बनवलेले नवे डाउनलोड गेम, ४० एमबीपर्यंत जातात आणि मग आवराआवर सुरू होते. वीच्या सॉफ्टवेअरच्या मार्चमधल्या ४.० अपडेटनंतर मात्र गेम थेट एसडी कार्डावरून सुरू होतो, ३२ जीबीपर्यंतचं कार्डही चालतं. तरी आत थोडी जागा मोकळी ठेवाच, कारण खेळताना गेम तात्पुरता तिथेच उतरतो.

घेतलेला गेम त्या एका वीलाच बांधलेला. पुसला तर फुकट परत मिळतो, पण त्याच यंत्रावर. परवा एक मित्र म्हणाला, "सुपर सी दे की आठवडाभर." काय काढून देणार? नाशिकला एक कॅसेट चार घरं हिंडायची आणि परत येताना कधीकधी भलतीच यायची!

म्हणून जुन्या आठवणींसाठी इथे फार पैसे घालू नका. घ्यायचा तर वर्ल्ड ऑफ गू घ्या. १५०० पॉइंट, म्हणजे माझ्या तीन कॉन्ट्रांचे पैसे, आणि तो बनवणारी टूडी बॉय ही कंपनी म्हणजे जेमतेम दोन माणसं. गूचे (इंग्रजी 'goo', म्हणजे चिकट लगदा) गोळे एकमेकांना चिकटवून पूल, मनोरे रचायचे आणि उरलेले गोळे पाइपापर्यंत पोचवायचे. चार रिमोट असले की चौघे एकदमच बांधायला घेतात. आमच्याकडे मुलगी उंच रचते, बायको खालून टेकू देते, आणि मी हात लावला की मनोरा कलतो.

सुपर सी डिसेंबरपासून उघडलेला नाही. ३००० पैकी २०० पॉइंट उरलेत. आणखी १००० भरले की लॉस्टविंड्स हा गेम घेणार, या वेळी कंट्रोलरची सूचना वाचून.