ओव्हन क्लीनिंगचा कोर्स आणि किट घेतलं, वर्ष झालं, पैसे सुटतात का?

मंडळी, मी गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये एका कंपनीकडे ओव्हन क्लीनिंगचा, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन ओव्हन साफ करून द्यायच्या धंद्याचा, दोन दिवसांचा कोर्स केला आणि त्यांच्याकडूनच किट घेतलं. आता वर्ष पूर्ण झालं आणि इकडे इंग्लंडमध्ये नवीन आलेलं आपलं कोणी भेटलं की हमखास विचारतं, काय रे सुटतं का त्यात काही, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशी पॅकेजेस इथे बरेच जण विकतात आणि नाव काहीही असलं तरी घेण्याआधी काय विचारायचं हे कळणं महत्त्वाचं.

आधी माझं सांगतो. बायको एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत नर्स, मी डिपेंडंट व्हिसावर, राहायला रेडिंगला. चिंचवडला असताना बारा वर्षं भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो, त्यामुळे पाना-स्क्रूड्रायव्हरची सवय आहे. इथे आल्यावर आठ महिने वेअरहाऊसला नाइट केली पण तिच्या शिफ्टा, माझ्या शिफ्टा आणि पोरीची शाळा याचा मेळ बसेना. एक महत्त्वाचं, ज्याच्या नावावर स्किल्ड वर्कर व्हिसा आहे त्याने हा उद्योग करू नये, त्या व्हिसावर स्वतःचा धंदा चालत नाही. डिपेंडंट नवरा किंवा बायकोला चालतो.

कोर्स आणि किट मिळून २,८०० पाउंड. त्यात व्हॅनमध्ये बसवायची गरम पाण्याची डिप टँक (ओव्हनचे सुटे भाग भिजत घालायची टाकी), पावडर, पेस्ट, स्क्रेपर, ब्लेडं, कोपरापर्यंतचे ग्लोव्हज, गॉगल, जमिनीवर अंथरायच्या शीट आणि छापील फाइल. सेकंडहँड व्हॅन वेगळी, ती ४,५०० ला पडली.

शिकवणं खरंच चांगलं होतं, तिथे मी पूर्ण मार्क देईन. पहिल्या दिवशी जुन्या ओव्हनवर हात बसवला, दुसऱ्या दिवशी ट्रेनरबरोबर तीन घरी गेलो. काम असं चालतं की आधी भिंतीवरचा कुकर स्विच, म्हणजे ओव्हनचा मेन स्विच बंद करायचा, मग जाळ्या, ट्रे, बाजूच्या पट्ट्या, मागचं पॅनल काढायचं आणि जे टँकेत चालतं ते टँकेत सोडायचं, ते तिकडे भिजतंय तोपर्यंत आत पेस्ट लावून ब्लेड आणि स्क्रबरने पोकळी साफ करायची. गॅसचा कुकर (इथे शेगडी-ओव्हनलाच कुकर म्हणतात) असेल तर गॅसच्या जोडणीला हात लावायचा नाही, ते फक्त गॅस सेफ रजिस्टर्ड, म्हणजे गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेल्या माणसाचं काम.

सगळ्यात अवघड दार. लोकांना वाटतं आतून घासलं की झालं, पण गिऱ्हाईक बघतं काच. दाराला दोन-तीन काचा असतात आणि चरबी मधल्या फटीत ओघळून तिथेच भाजली जाते, तपकिरी रेघा दिसतात त्या बाहेरून कितीही पुसल्या तरी जात नाहीत. म्हणून दार काढावं लागतं. दोन्ही बिजागऱ्यांवर छोटी क्लिप असते, दार पूर्ण उघडून ती आधी लॉक करायची आणि मग दार अर्धवट मिटवून वर उचलायचं. क्लिप लॉक न करता उचललं तर बिजागरी स्प्रिंगच्या जोराने फाटकन मिटते, बोट मध्ये असेल तर संपलंच. ट्रेनरने ही एक गोष्ट माझ्याकडून वीस वेळा करून घेतली आणि आजही दार उचलताना मला त्याचा आवाज ऐकू येतो. काच सुटी करून ओली ठेवायची, ब्लेड जवळजवळ आडवं धरायचं आणि ढकलायचं, की तो भाजलेला थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा एका तुकड्यात सुटतो. ते बघायला गिऱ्हाईक मुद्दाम किचनमध्ये येऊन उभं राहतं.

आता खटकलेलं. टँकमधली पावडर कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आणि कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं. फाइलमध्ये यावर एकच ओळ आहे, तीही मधेच कुठेतरी. तिसऱ्याच आठवड्यात एका आजींच्या घरी मी ओव्हनच्या जाळ्यांबरोबर एक्स्ट्रॅक्टरचे (आपल्याकडे चिमणी म्हणतात ते) ॲल्युमिनियमचे फिल्टर पण टँकेत टाकले, बाहेर काढले तर चकचकीत फिल्टर राखेसारखे काळपट. पोटात गोळा आला. आजींना लगेच जाऊन खरं सांगितलं, नवे फिल्टर माझ्या पैशाने मागवून स्वतः बसवून आलो, ओव्हनचे पैसे घेतले नाहीत. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत पण मला रात्री झोप लागली नाही. भोसरीत बारा वर्षं काढलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं हे मान्य, पण २,८०० पाउंड घेणाऱ्याने हे पहिल्या तासाला फळ्यावर लिहायला हवं. तसंच कॅटॅलिटिक लायनर, म्हणजे काही ओव्हनमध्ये बाजूला खरखरीत करड्या प्लेटा असतात, त्यांना कुठलंच केमिकल लावायचं नाही, हेही मला नंतर स्वतः शोधून कळलं. आणि टँकेतलं वापरलेलं पाणी कुठे टाकायचं याबद्दल कोर्समध्ये चकार शब्द नाही. रस्त्याकडेच्या जाळीत ते कधीच ओतू नका, पावसाच्या पाण्याची ती लाइन नदी-ओढ्याला जाते.

पॅकेज विकताना कंपनीने कामं देतो असं जे सांगितलं होतं त्यातलं वर्षभरात काय आलं, तर चार फोन, त्यातले दोन चाळीस मैलांवरचे. हे मात्र मला फार लागलं. कारण हातातला पैसा घालून उतरणारा माणूस त्या एका वाक्यावर विसंबूनच उतरतो. कोणी पॅकेज विकत असेल तर त्याला सरळ विचारा की गेल्या सहा महिन्यांत माझ्या पोस्टकोडमधून किती फोन आले, आणि उत्तर लेखी घ्या. ओव्हनक्लीन, ओव्हेनयू अशा फ्रँचायझी पण आहेत, तिथे नाव आणि ठरलेला एरिया मिळतो पण मग त्याचे पैसे मोजायचे, मला ते झेपणारं नव्हतं.

आता मुख्य मुद्दा, पैसे. माझे दर सिंगल ओव्हन ६५ पाउंड, डबल ८५, मोठा रेंज कुकर (रुंद शेगडी आणि ओव्हन एकत्र) ११० पासून, हॉब म्हणजे वरची शेगडी किंवा एक्स्ट्रॅक्टर जोडीला घेतला तर प्रत्येकी २०. सरासरी एका घरी ७८ च्या आसपास पडतात. सिंगलला दीड-दोन तास, रेंजला तीनच्या वर. वर्षाची सरासरी आठवड्याला १० घरं, म्हणजे ७८० पाउंड. त्यातून केमिकल आणि ब्लेडं ४०, डिझेल ४५, व्हॅनचा आणि पब्लिक लायबिलिटीचा (गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर भरपाईचा) इन्शुरन्स मिळून ३५, जाहिरात-फोन-वेबसाइट ४०, व्हॅनच्या दुरुस्तीला बाजूला ३०, म्हणजे १९० गेले, उरले ५९०. सुट्ट्या, आजारपण धरून वर्षात ४६ आठवडे काम धरलं तर २७,१४० होतात. पहिले १२,५७० करमुक्त, पुढच्यावर २० टक्के टॅक्स आणि ६ टक्के नॅशनल इन्शुरन्स, हातात साधारण २३,३५० राहतात. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात किमान वेतन तासाला १२.२१ होतं, आठवड्याला ४० तास त्यावर पूर्ण वर्ष काम केलं तर कर जाऊन पावणेबावीस हजारांच्या वर थोडं मिळत होतं, शिवाय पगारी रजा आणि कंपनीची पेन्शन. म्हणजे त्या हिशोबाने मी वेअरहाऊसपेक्षा महिन्याला सव्वाशे-दीडशे पाउंड जास्त कमावतो, आणि किट-व्हॅनचे ७,३०० यात मी धरलेलेच नाहीत.

पण हे सरासरीचं झालं. आठवड्याचे पहिले अडीच ओव्हन खर्चात जातात आणि त्यानंतरचा जवळजवळ प्रत्येक पाउंड आपला, त्यामुळे १० च्या जागी १४ घरं झाली की ५९० चे ८७० होतात. म्हणून सगळा खेळ साफ करण्यात नाही, दिवसाची कामं एका भागात लावण्यात आहे. सुरुवातीला मी सकाळी वोकिंगहॅम, दुपारी न्यूबरी, परत संध्याकाळी कॅव्हरशॅम असा फिरलो, अर्धा दिवस स्टिअरिंगवर. आता मंगळवारी फक्त वोकिंगहॅम आणि अर्ली, दुसरा दिवस कोणी मागितला तर नम्रपणे नाही म्हणतो, आणि लोक थांबतात.

सीझन कळला पाहिजे. नोव्हेंबरच्या मध्यापासून ख्रिसमसपर्यंत दिवसाला तीन, ख्रिसमसची टर्की भाजायच्या आधी सगळ्यांना ओव्हन चकाचक हवा असतो. फेब्रुवारीत एका आठवड्यात चारच घरं झाली होती. उन्हाळ्यात विद्यार्थी आणि भाडेकरू घरं सोडतात तेव्हा पुन्हा काम. २०१९ च्या टेनंट फीज कायद्यानंतर इंग्लंडमध्ये घरमालक प्रोफेशनल क्लीनिंगची सक्ती करू शकत नाही, पण घर घेताना जितकं स्वच्छ होतं तितकं परत द्यावं लागतं आणि ओव्हन मळका असला की डिपॉझिटमधून कापायला निमित्त मिळतं, त्यामुळे भाडेकरू स्वतःहून बोलावतात. घरं भाड्याने देणाऱ्या एजंटची कामं मी कमी केलीत, दर पाडून मागतात आणि बिल महिनाभर अडकतं.

नवीन पायरोलिटिक ओव्हन ५०० डिग्रीच्या आसपास तापून आतली घाण जाळून राख करतात, त्यामुळे धंदा बुडेल का असं मला एकाने विचारलं. पोकळीचं काम कमी होईल हे खरं. पण अशा घरांतूनही फोन येतात, कारण बऱ्याच मॉडेलच्या जाळ्या त्याआधी बाहेर काढाव्या लागतात त्या तशाच तेलकट राहतात, आणि काचांच्या मधला ओघळ कुठेच जात नाही.

आपल्या लोकांकडे गेलो की आधी ओव्हनमधून कढया, तवे, कुकरची भांडी बाहेर येतात, आत बेकिंग फारसं झालेलंच नसतं. पण हॉब आणि एक्स्ट्रॅक्टर बघा, रोजच्या फोडणीचा पिवळा चिकट थर, फिल्टरला बोट लावलं तर हळदीचा डाग. म्हणून ओळखीतल्या घरांसाठी हॉब, एक्स्ट्रॅक्टर आणि मागची टाइल असं ४५ चं वेगळं काम सुरू केलं, तासाभरात होतं आणि त्यातून सात-आठ घरं तोंडी ओळखीने आली.

पुण्यात हे चालेल का म्हणून भाऊ विचारत होता. तिकडे घरात ओटीजी किंवा मायक्रोवेव्ह, तो कोणी कशाला बाहेरच्याकडून साफ करून घेईल, तिकडे चिमणी साफ करायचं काम आहे आणि त्याचे दर, त्यातली स्पर्धा हा हिशोबच वेगळा.

तब्येतीचं पण सांगतो. गुडघ्यांवर दिवसाचे चार-पाच तास जातात, नी-पॅड चांगले घ्या, किटमधले महिनाभरात चपटले. कॉस्टिकचा थेंब कातडीवर पडला तर सुरुवातीला जळतच नाही, साबणासारखं बुळबुळीत लागतं आणि माणूस दुर्लक्ष करतो. माझ्या मनगटावर नाण्याएवढा डाग आहे त्याचा. बायकोने तेव्हा हात नळाखाली धरून ठेवला तो वीस मिनिटं सोडला नाही.

आत्ता पुन्हा घ्यायचं झालं तर कोर्सचे दोन दिवस मी नक्की घेईन, दारासाठी. टँक बाहेरून वेगळी घेईन, पुढे चौकशी केली तर तसलीच बरीच स्वस्त मिळत होती. वाचलेल्या पैशातून पहिल्या तीन महिन्यांचं घरभाडं बाजूला ठेवीन, कारण फोन यायला तेवढा वेळ लागतोच. नोव्हेंबरच्या तारखा भरायला लागल्यात, गेल्या ख्रिसमसच्या अकरा जणांनी परत बोलावलंय, त्यात त्या फिल्टरवाल्या आजी पण आहेत.